पडवीचं दार

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला दुसरी. खरंच आहे ते. मुंबईत तीस वर्षं एका कंपनीत खुर्चीला चिकटून काढली, ती पोटासाठी. कंपनीला टाळं लागलं तेव्हा बरोबरच्या बायका रडल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली आणि पोलादपूरची एसटी पकडली. लग्न मी केलं नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

आमचं घर कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीत. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक उघडी पडवी, पडवीच्या मध्यावर माजघराचं दार आणि मागे चूल. वडील गेल्यापासून आई एकटीच राहायची. त्या पावसाळ्यात मागची भिंत पाणी पिऊन फुगली आणि एका सकाळी खाली बसली. आईनं काय करावं? चूल पडवीत आणली, मागे ताडपत्री बांधली आणि आम्हा दोघा भावंडांना काही कळवलंच नाही. दिवाळीला धाकटा भाऊ विरारहून गावी गेला तेव्हा त्याला दिसलं. त्यानं तिथूनच मला मुंबईला फोन लावला; कंपनीला टाळं लागलं ते त्याच आठवड्यात.

"ताय, बस झालं. मी हिला घेऊन जातो."

"आणि ती येते म्हणाली?"

"ती काय म्हणते ते विचारूच नको. जेवायची बंद झालीय."

आई एकदा महिनाभर विरारला राहून आली होती. भावाची खोली चौथ्या मजल्यावर. परत आली ती अर्धी होऊन. म्हणाली, "खाली माती नाय, वर आभाळ नाय, मधल्यामधी टांगलेलं घर." तेव्हापासून विरारचं नाव काढलं की तिचं तोंड मिटायचं. कारण विचारलं तर सांगायची नाही. आम्ही म्हटलं, म्हातारपणाचा हट्ट.

तेव्हा मी भावाशी सौदा केला. शिमग्यापर्यंत मी घर उभं करते. नीट राहण्यासारखं झालं तर आई इथे, नाही झालं तर तुझ्या गाडीत. भाऊ म्हणाला, चालेल, पण पडवी उघडी नको. कुत्री येतात, रानडुकरं येतात, कोण पण माणूस येतो. पडवीला ग्रिल पाहिजे म्हणजे पाहिजे. आईचीही एक अट होती. ती म्हणाली, "घर झालं कधी म्हणायचं? शिमग्याला देव आत बसला की झालं." आमच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, माजघरात टेकते, बायका ओटी भरतात, मग पुढच्या घरी जाते. ह्या घरावरून देव कधी बाहेरच्या बाहेर परत गेला नव्हता. मी म्हटलं, हो गं बाई, बसवू देवाला. दोन अटी, एक मी, आणि फंडाचे जे काही हातात आले होते तेवढेच पैसे. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. आणि जुनं घर दुरुस्त करायला काढणं तर बांधण्याहून वाईट. एक दगड काढायला जावं, तर चार आपण होऊन खाली येतात.

कौलं उतरवली. धड एकीकडे, तडकलेली दुसरीकडे. धड कौलांवर बोटभर शेवाळ. नवी घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी पंधरा दिवस ओढ्यावर बसून काथ्यानं कौलं घासली. बसून कसली, उकिडवी, उभी, पुन्हा उकिडवी. शेजारच्या काकी जाता-येता म्हणायच्या, "मुंबईत हेच काम करीत होतीस काय गो?" मी म्हणायचे, "हो, तिथे भांडी होती, इथे कौलं." वासे वाळवीनं खाल्लेले निघाले. मग पडक्या गोठ्याचे वासे काढून घराला लावले. मागची भिंत जुन्याच दगडांनी पुन्हा रचली, फक्त मातीऐवजी सिमेंट.

गवंडी उत्तरेकडचा होता. दिवसभर गुणगुणत काम करायचा आणि हिंदीशिवाय बोलायचा नाही. आमच्या वाडीतले गवंडी सगळे मुंबईत, आणि मुंबईच्याही पलीकडचे गवंडी आमच्या वाडीत. असं हे चालतं. पण माणूस भला. मी दिवसातून दहा वेळा त्याच्या डोक्यावर उभी राहायचे. हे वाकडं का, ते राहिलं का, वाळू एवढी का. एक दिवस तो थापी खाली ठेवून म्हणाला, "दीदी, आप बैठिए ना थोडा." मी म्हटलं, "बैठने का टाइम नहीं है मेरे पास." त्यानं थापी उचलली.

टाइम खरंच नव्हता. दर दोन दिवसांनी माझी पोलादपूरला नाही तर महाडला फेरी. कधी खिळे, कधी पाइप, कधी संडासाचं भांडं. भांडं तर मी रिक्षात मांडीवर घेऊन आले, कारण टेम्पोवाला भाडं सांगत होता ते भांड्याच्या किमतीएवढं. रिक्षातल्या दोन बायका सगळा रस्ता माझ्याकडे न बघता हसत होत्या. मी म्हटलं, हसा, तुमच्या घरीही लागतंच की. जेवायला बसले तरी डोक्यात हिशेब चालायचा की माघ किती राहिला आणि फाल्गुन कधी लागतो. आई शेजारच्या काकींकडे निजायची आणि सकाळी येऊन ओसाड घराच्या मध्यभागी उभी राहायची. काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणून मी चिडायचे, आणि बोलली तरी चिडायचे.

राहता राहिलं ग्रिल. नवं करून घ्यायला गेले तर पोलादपूरच्या वेल्डरनं जो आकडा सांगितला तो ऐकून मी पाणीसुद्धा न पिता परत फिरले. मग कळलं की महाडात जुनं सामान मिळतं. नदीचं पाणी शिरून शिरून लोक खालचे मजले तोडतात, नवे करतात, आणि जुनी दारं-खिडक्या भंगारात जातात. गेले. भंगारवाल्याकडे एक ग्रिल होतं, नाते गावाच्या बाजूच्या कुठल्याशा बंगल्यातून निघालेलं. नक्षीचं, भक्कम, अखंड चौकटीत, आमच्या पडवीएवढंच लांब. गेटही त्यातच, डाव्या टोकाला. मी त्याच्याशी दोन तास घासाघीस केली. मध्ये दोनदा उठून गेले, दोनदा परत आले. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "बाई, घेऊन जा. पण परत येऊ नका." असा आनंद मला कंपनीतला पहिला पगार घेताना झाला नव्हता.

पडवीला कमरेएवढी विटांची भिंत घातली आणि तिच्यावर ग्रिल. बसवायच्या आधी गवंड्यानं विचारलं, "दीदी, गेट बीच में नहीं चाहिए? घर का दरवाजा तो बीच में है."

बरोबर विचारलं होतं त्यानं. परक्या मुलखातल्या माणसाला दिसलं ते मला दिसलं नाही. गेट मध्ये घ्यायचं म्हणजे ग्रिल कापा, पुन्हा वेल्डिंग करा, पुन्हा तो पोलादपूरचा वेल्डर. मी म्हटलं, "जैसा है वैसा लगाने का."

आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं. "दार कडंला का गो?"

"मग काय झालं? चार पावलं चालायचं आणि आत जायचं."

"कडंला दार कुणी करतं काय?"

"आई, धर्माची गाय आणि दात का गं नाय? मी आणते, मी राबते, मला शिकवू नकोस."

आई एकदाच बोलते. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची सवय तिला कधीच नव्हती, वडिलांच्या वेळीही नाही. तिनं मान खाली घातली आणि तांदळातले खडे वेचू लागली. ते माझं वाक्य अजून माझ्या कानात आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

शिमग्याच्या चार दिवस आधी घर झालं. भिंतींना पांढरा रंग मी स्वतः लावला, डाग माझ्या केसांतून आठवडाभर निघत नव्हते. भाऊ आणि भावजय आले. भाऊ घरभर फिरला, नवी कडी लावून बघितली, संडासात जाऊन नळ सोडून आला, ग्रिलला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. "एक नंबर, ताय! टेन्शनच मिटलं." मला म्हणजे आकाश ठेंगणं झालं.

पालखीच्या दिवशी आई पहाटेच उठली. माजघराची जमीन तिनं सारवून ठेवली होती, तिथे फरशी घालू द्यायला ती तयार झालीच नव्हती. रांगोळी काढली, पाट मांडला, ओटीचं ताट केलं, आणि नवं नेसून दारात उभी राहिली. दुपार कलली तेव्हा ढोल ऐकू आला. मी तीस वर्षांत शिमग्याला गावी आले नव्हते, रजा मिळायची ती गणपतीला. पालखी घरात येताना मी शेवटची पाहिली ती परकर-पोलक्यात. म्हणून माझ्या छातीत धडधडत होतं, आणि नुसतं आनंदानं धडधडत होतं.

पालखी अंगणात आली. नाचवली. मग खांदेकऱ्यांनी ती गेटाकडे वळवली. पुढचे दोघे आत शिरले, तिसरं पाऊल टाकलं आणि धाडकन दांड्याचं टोक माजघराच्या भिंतीवर आपटलं. नव्या रंगाचा पोपडा खाली पडला.

पालखीचा दांडा चांगला दोन पुरुष लांब. पडवीची रुंदी जेमतेम सहा फूट. गेटातून आत आलं की समोर भिंत, आणि माजघराचं दार उजव्या हाताला चार पावलांवर. माणूस वळतो. दांडा कसा वळणार? मागचे दोघे अजून अंगणातच उभे होते. ते मागे सरले, तिरके झाले, पुन्हा शिरले, पुन्हा आपटलं. दांडा वर उचलून पाहिला, तर कौलांना लागला. ढोल वाजायचा थांबला. मला तेव्हा कळलं. 

"दांडा काढून घ्या ना," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं. वयस्क माणूस, वडिलांच्या बरोबरीचे. हळूच म्हणाले, "दांडा मधी सोडता येत नाय, बाय. देव देवळात जाईस्तवर नाय."

मागून कुणीतरी बोललं, "पडवी उघडी होती तर सरळ आत जात होता की देव!" आणखी कुणीतरी म्हणालं, "मुंबईचं डोकं!" हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, आपल्यातलंच होतं. पण मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. जाळीच्या आत आई ताट घेऊन उभी, आणि जाळीच्या बाहेर देव.

आई बाहेर आली. त्या कडेच्या गेटातूनच आली. अंगणातच खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली, ओवाळलं, डोकं टेकलं. कपाळाला एक आठी नाही. पालखी शेजारच्या काकींच्या घरी गेली. एकदा पुढे गेलेली पालखी मागे फिरत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पडवीत आले आणि ग्रिलला लाथ घातली. लागलं मलाच. भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं ताय. घर एवढं मस्त झालंय. माझं काही म्हणणं नाही, आईला राहू दे इथंच." जे ऐकायला चार महिने मी जिवाचं रान केलं, ते तो सहज बोलून गेला.

आई माजघरातून म्हणाली, "मी येते रे तुझ्यासंगती. पिशवी भरते."

 मग माझा तोल सुटला.

"आता येते? आता? चार महिने मी इथे हाडाची काडं केली ती कुणासाठी? देव आत आला नाही म्हणून? चुकले मी, शंभर वेळा चुकले! पुढच्या वर्षी येईल देव. एका ग्रिलपायी तू घर सोडतेस?"

"देवाचं नाय गो," आई म्हणाली. ती पिशवी शोधत होती, आवाज अगदी साधा. "देवाचं काय, त्याला पन्नास घरं हायती. पुढल्या साली येईल नाय तर नाय येईल. दांडा भिताडाला लागला तवा मला माझीच आठवण झाली."

"म्हणजे?"

"चालत्या माणसाला कुठलं पण दार चालतं. आडव्याला सरळ दार लागतं." ती आमच्याकडे वळली. "तुमच्या बाला आतून चौघांनी उचलला, आणि हितनं सरळ अंगणात आणला. कुठं धक्का लागला नाय त्याला. मला कशी काढाल? त्या कोपऱ्यातनं? वाकवून?"

भाऊ म्हणाला, "आई, काय बोलतेस शिमग्याच्या दिवशी!"

"खरं बोलते. तुझ्या विरारला शेजारची म्हातारी गेली, ती आठवतीया? लिफ्टात आडवी मावली नाय. खुर्चीत बसवलान तिला, कमरेला दोरी बांधली, आणि बसल्या बसल्या खाली नेली. मान अशी हालत होती तिची. मेल्यावर बसवलान माणसाला! म्हणून मी तिकडं येत नव्हते. पण आता हिकडं पण तसंच, मग हिकडं काय आणि तिकडं काय."

मला रडू आलं. रागाचं, लाजेचं, कसलं कोण जाणे. ही बाई इतकी वर्षं हे पोटात घेऊन बसली होती, आणि आम्ही दोघं तिला हट्टी म्हणत होतो. मी तिच्यासाठी कड्या बसवत होते, नळ बसवत होते. तिचा जीव मात्र ह्या एका गोष्टीत होता, आणि ती तिनं एकदा विचारलीही होती. मीच तिला गप्प केलं होतं.

मी मागच्या दारी गेले. पहार भिंतीला उभी होती, ती घेऊन आले आणि ग्रिलच्या चौकटीखाली घातली. पहिल्या झटक्यात काही झालं नाही. दुसऱ्या झटक्यात हाताला झिणझिण्या आल्या.

"ताय, वेडी झालीस काय? नवं सिमेंट आहे," भाऊ ओरडला. भावजय दारात तोंडाला पदर लावून उभी. मी थांबले नाही. तिसऱ्या घावाला सिमेंटचा तुकडा उडाला. मग भाऊ पुढे आला. मला वाटलं, आता पहार हिसकावून फेकून देतो. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, अंगातला नवा शर्ट काढून बायकोकडे दिला आणि स्वतः घाव घालायला लागला. मी गवंड्यानं ठेवून दिलेला घण आणला. दिवस मावळायच्या आत ते अखंड, नक्षीचं, दोन तास घासाघीस करून आणलेलं ग्रिल अंगणात आडवं पडलं होतं. शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन बघून गेल्या, काही न विचारता.

मग कमरेएवढी भिंत उरली. माजघराच्या दारासमोर तेवढीच फोडायची ठरवली. आम्ही दाराच्या रुंदीएवढी वीट काढली, भावानं घाम पुसला आणि म्हणाला, "झालं, आई. बघ."

आई माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. तिनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. पिशवी तिच्या मांडीवर होती, ती तिनं बाजूला ठेवली.

"अजून हातभर काढा," ती म्हणाली. "दोन्ही अंगाला माणसं असतात."

भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पहार उचलली, मी घण उचलला, आणि आम्ही दोन्ही बाजूंनी हातभर भिंत काढली.